गिऱ्हाइकाचे मन आणि दुकानाची मांडणी

'गिऱ्हाईक' आणि 'ग्राहक' हे दोन्ही शब्द एकाच संस्कृत शब्दातून आले. घेणारा तो ग्राहक. पण मराठीने या दोन रूपांना वेगवेगळी कामे दिली. ग्राहक हक्क मागतो, पंचायत भरवतो, कायद्याच्या कलमात बसतो. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर असते. ते सांभाळायचे असते, तोडायचे नसते, आणि चारचौघांत कोणाची टिंगल करायची झाली तर त्याचेच 'गिऱ्हाईक' केले जाते. किरकोळ बाजाराच्या मानसशास्त्रावर गेल्या चाळीस वर्षांत जी लोकप्रिय पुस्तके आली ती वाचताना हा भेद मला वारंवार आठवत राहिला. ही पुस्तके ग्राहकाला उद्देशून लिहिलेली आहेत, पण त्यांच्या पानांवर वावरते ते गिऱ्हाईक. त्याच्यावर प्रयोग होतात, ते चुकते, आणि वाचक त्याला हसून पुढचे पान उलटतो.

या पुस्तकांची ओळख नव्याने करून द्यायला नको. रॉबर्ट चिआल्डिनी यांचे 'इन्फ्लुअन्स' (१९८४), डॅन अरीली यांचे 'प्रेडिक्टेबली इर्रॅशनल' (२००८), रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांचे 'नज' (२००८), डॅनियल काहनेमन यांचे 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' (२०११) ही नावे इंग्रजी फारसे न वाचणाऱ्यांच्याही कानावरून गेली आहेत. त्यांतले प्रयोग व्यवस्थापनाच्या वर्गांत, विक्रेत्यांच्या प्रशिक्षण शिबिरांत आणि सकाळच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांत जाऊन पोचले आहेत. मी या विषयाचा पदवीधर नाही. जे शिकलो ते वाचून शिकलो. म्हणून पद्धत साधी ठेवली. पुस्तकात एखादा प्रयोग आला की त्याचा मूळ शोधनिबंध मिळवायचा, त्याच्यावर पुढे कोणी काय लिहिले ते शोधायचे, आणि सगळे शेजारी ठेवून वाचायचे.

या वाचनातून निघालेला निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. ही पुस्तके ज्याला मनाचा दोष म्हणतात तो पुष्कळदा मांडणीचा परिणाम असतो. मांडणी बदलली की तो विरतो, कधी चक्क उलटतो. आणि हे खरे असेल तर 'सावध राहा' हा या पुस्तकांचा शेवटचा सल्ला अपुरा ठरतो.

दोष कोणाकडे?

१९५७ साली अमेरिकेत व्हान्स पॅकर्ड यांचे 'द हिडन पर्सुएडर्स' प्रसिद्ध झाले. जाहिरातदार मनोविश्लेषणाची हत्यारे वापरून लोकांच्या सुप्त इच्छांना हात घालतात, असा त्याचा आरोप होता. आरोप अतिरंजित असेल, पण त्यात आरोपी कोण आणि फिर्यादी कोण हे स्पष्ट होते.

१९७४ साली 'सायन्स' या नियतकालिकात एमॉस ट्वर्स्की आणि काहनेमन यांचा निबंध आला. त्यात एक प्रयोग आहे. आकड्यांचे एक चाक फिरवायचे. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी आतून सोय केलेली. मग समोरच्याला विचारायचे, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के? ज्यांनी १० पाहिले त्यांच्या उत्तरांचा मध्य २५ होता, ज्यांनी ६५ पाहिले त्यांचा ४५. चाकाचा आणि आफ्रिकेचा काही संबंध नाही, तरी पहिल्या आकड्याची पकड सुटत नाही. याला 'अँकरिंग' म्हणतात. या विषयातल्या ज्या थोड्या गोष्टी पुन्हा पुन्हा तपासून टिकल्या त्यांतली ही एक आहे, हे आधी मान्य केले पाहिजे.

पण या निबंधापासून चित्र बदलले. इथे कोणी ठकवणारा नाही. निरागस चाक आहे आणि चुकणारा माणूस आहे. प्रयोगशाळेत हे ठीकच. मात्र तोच नमुना बाजाराला लावला गेला तेव्हा एक गोष्ट नजरेआड झाली. बाजारातले चाक कोणीतरी मुद्दाम ६५ वर थांबवलेले असते. पॅकर्डच्या पुस्तकात दोष विक्रेत्याच्या गल्ल्यापाशी होता. पन्नास वर्षांत तो गिऱ्हाइकाच्या डोक्यात जाऊन बसला.

चोवीस जॅम आणि एक दुकान

या साहित्यातली सर्वांत गाजलेली कथा जॅमची. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथे ड्रेगर्स नावाचे उंची किराणा दुकान. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी तिथे दोन शनिवार चव घेण्याचे टेबल मांडले. काही तास त्यावर २४ प्रकारचे जॅम, काही तास फक्त ६. २४ असताना येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी ६० टक्के थांबले, ६ असताना ४० टक्के. खरेदी मात्र उलट झाली. २४ पाहून थांबलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी जॅम घेतला, ६ पाहून थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी. २००० साली हा निबंध प्रसिद्ध झाला. २००४ साली बॅरी श्वार्ट्झ यांच्या 'द पॅरॅडॉक्स ऑफ चॉइस' या पुस्तकाने त्याचे तत्त्वज्ञान केले: निवड वाढली की माणूस गोठतो.

मूळ निबंध वाचताना तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, टक्केवारीमागे प्रत्यक्ष जॅम घेणारी माणसे होती ३१ आणि ४. एवढ्या माणसांवरून निघालेले वाक्य जगभर फिरले. दुसरी, स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरी या नेहमीच्या चवी टेबलावरून मुद्दाम काढल्या होत्या. लोकांनी ओळखीची चव उचलून चालू पडू नये म्हणून. म्हणजे माणसाला ज्या चवी माहीत नाहीत त्यांत निवड करायला लावले होते. तिसरी गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. त्या दुकानात जॅमचेच ३०० हून अधिक प्रकार विकायला होते, आणि विविधता हीच त्या दुकानाची ख्याती होती. निवडीने गिऱ्हाईक गोठते हा सिद्धांत ज्या दुकानात जन्मला, ते दुकान निवडीवरच चालत होते.

२०१० मध्ये बेंजामिन शायबेहेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ५० प्रयोगांची एकत्र छाननी केली. सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. काही ठिकाणी जास्त पर्यायांनी खरेदी घटली, काही ठिकाणी वाढली. २०१५ मध्ये अलेक्झांडर चेर्नेव्ह आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला: घटते केव्हा? पर्याय एकमेकांशी ताडून पाहणे अवघड असते तेव्हा, निर्णयाचे काम कठीण केलेले असते तेव्हा, आणि आपल्याला काय हवे हे माणसाला आधी ठाऊक नसते तेव्हा.

हे उत्तर आपल्याकडचा कोणताही तांदळाचा व्यापारी देऊ शकला असता. आंबेमोहोर, इंद्रायणी, वाडा कोलम यांतला फरक ज्या बाईच्या हाताला कळतो ती वीस पोत्यांपुढे गोठत नाही. मूठभर दाणे तळहातावर घेते, वास घेते, आणि दोन प्रश्नांत निर्णय करते. नुकतीच वेगळी चूल मांडलेल्या जोडप्याला मात्र चार पोतीही जास्त होतात. फरक पर्यायांच्या संख्येत नाही, माहितीत आहे. आणि दुकानात माहिती कशी, किती आणि कुठे ठेवायची हे दुकानदार ठरवतो.

डमी उमेदवार

दुसरी कथा 'डिकॉय'ची. तिला मी डमी उमेदवाराची कथा म्हणतो, कारण आपल्याला निवडणुकीतला तो प्रकार चांगला ठाऊक आहे. जो निवडून येण्यासाठी उभा नसतो, दुसऱ्याला निवडून आणण्यासाठी उभा केलेला असतो, तो.

अरीली यांनी 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाच्या वर्गणीची जाहिरात एमआयटीच्या शंभर विद्यार्थ्यांपुढे ठेवली. फक्त इंटरनेट आवृत्ती ५९ डॉलर, फक्त छापील १२५ डॉलर, छापील आणि इंटरनेट दोन्ही मिळून १२५ डॉलर. १६ जणांनी पहिला पर्याय घेतला, ८४ जणांनी तिसरा. मधल्याला एकही मत नाही. मग तो निरुपयोगी मधला पर्याय काढून टाकला. आता ६८ जणांनी स्वस्त पर्याय घेतला आणि ३२ जणांनी दोन्हींचा. ज्याला एकही मत नव्हते त्याने निकाल फिरवला होता.

कथा सुंदर आहे, आणि तिचा मूळ सिद्धांत जोएल ह्यूबर, जॉन पेन आणि ख्रिस्तोफर पुटो यांनी १९८२ सालीच मांडला होता. पण २०१४ मध्ये शेन फ्रेडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वेगवेगळ्या वस्तूंवर तपासला तेव्हा एक मर्यादा स्पष्ट झाली. पर्याय आकड्यांच्या तक्त्यात मांडले तर डमीचा प्रभाव दिसतो. वस्तूचे चित्र दाखवले, ती चाखायला किंवा हाताळायला दिली, की तो बहुतेक वेळा नाहीसा होतो.

म्हणजे हा परिणाम मनाच्या मातीत नाही, तक्त्याच्या चौकटीत आहे. मंडईत तीन ढिगांतून वांगी निवडताना डमी ढीग लावून कोणी फारसे कमावणार नाही. मोबाइलचा रिचार्ज, विम्याची योजना, सिनेमागृहातल्या लाह्यांचे तीन पुडे, जिमची वर्गणी इथे तो कमावेल. कारण या गोष्टी आपल्यापुढे वस्तू म्हणून येत नाहीत, तक्ता म्हणून येतात. आणि आपली खरेदी दिवसेंदिवस ढिगाकडून तक्त्याकडे सरकते आहे.

नवाची जादू

तिसरी कथा किमतीच्या शेवटच्या आकड्याची. बाटाच्या ९५ पैशांनी संपणाऱ्या किमती आपल्या एका पिढीला इतक्या परिचित होत्या की विचित्र किमतीला लोक 'बाटाची किंमत' म्हणत. २००३ साली एरिक अँडरसन आणि डंकन सिमेस्टर यांनी अमेरिकेत टपालाने कपडे विकणाऱ्यांच्या खऱ्या कॅटलॉगांवर प्रयोग केले. तोच पोशाख काही कॅटलॉगांत ३४ डॉलरला, काहींत ३९ ला, काहींत ४४ ला. सर्वांत जास्त खप ३९ ला झाला. ३४ पेक्षाही जास्त.

लोकप्रिय पुस्तके इथेच थांबतात: पाहा, पाच डॉलर जास्त देऊनही माणसे खूश! निबंध पुढे जातो. नवाचा प्रभाव त्या दुकानात नव्याने आलेल्या वस्तूंवर जास्त होता, गेल्या वर्षांपासून विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर कमी. आणि वस्तूवर 'सेल' असे आधीच लिहिलेले असले तर नवाची ताकद उतरत असल्याचीही काही चिन्हे होती. यावरून दुसरा अर्थ लागतो. वस्तूची योग्य किंमत माहीत नसते तेव्हा माणूस किमतीच्या रूपावरून अंदाज बांधतो. नऊ म्हणजे 'इथे काहीतरी उतरवलेले दिसते' अशी खूण. खूण खोटी असू शकते. पण खुणा वाचणे हा मूर्खपणा नव्हे. अंधारात चालणारा माणूस भिंतीला हात लावतो, तसे ते आहे.

मूळ निबंधांकडे जाण्याचे आणखी एक कारण आहे. या क्षेत्राची स्वतःची पत गेल्या काही वर्षांत घसरली. खाण्याच्या आणि खरेदीच्या सवयींवरचे प्रसिद्ध संशोधक ब्रायन वान्सिंक यांना २०१८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाने शैक्षणिक गैरवर्तनाबद्दल दोषी ठरवले. त्यांचे अनेक निबंध मागे घेतले गेले. अरीली सहलेखक असलेला प्रामाणिकपणाविषयीचा २०१२ चा एक निबंध, त्यातली आकडेवारी बनावट असल्याचे दिसून आल्यावर, २०२१ मध्ये मागे घेण्यात आला. म्हणून सगळे खोटे, असा अर्थ काढायचे कारण नाही. पण ज्या विद्येने गिऱ्हाइकाला शिकवले की आकर्षक गोष्टीवर लगेच विश्वास ठेवू नकोस, तिच्या वाचकांनी तिलाही तोच नियम लावावा, हे न्यायाचे आहे.

पेनी आणि डी-मार्ट

आता प्रयोगशाळेबाहेरचे एक मोठे उदाहरण. जे. सी. पेनी ही १९०२ साली सुरू झालेली अमेरिकन दुकानांची साखळी. २०११ च्या शेवटी रॉन जॉन्सन तिचे प्रमुख झाले. अ‍ॅपलची दुकाने उभी करणारे म्हणून त्यांची कीर्ती होती. त्यांना दिसले ते असे: वर्षभरात शेकडो सवलत योजना, आणि पूर्ण छापील किमतीला जवळजवळ काहीच विकले जात नाही. आधी किंमत फुगवायची, मग कूपन द्यायचे. १ फेब्रुवारी २०१२ पासून त्यांनी हे थांबवले. कूपने बंद, किमती कायमच्या उतरवलेल्या, नवाऐवजी पूर्ण आकड्यांत. गिऱ्हाइकाशी सरळ बोलायचे ठरले.

त्या वर्षात विक्री सुमारे २५ टक्क्यांनी घसरली आणि कंपनीला ९८५ दशलक्ष डॉलर तोटा झाला. एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन गेले, कूपने परत आली.

या घटनेचा नेहमीचा अर्थ असा सांगतात की लोकांना फसवून घ्यायलाच आवडते. थेलर यांनी १९८५ साली केलेली मांडणी याहून खोल आहे, आणि या सगळ्या साहित्यात मला ती सर्वांत मोलाची वाटते. खरेदीत दोन सुखे असतात, असे ते म्हणतात. एक वस्तूचे, दुसरे सौद्याचे. दुसरे सुख दिलेल्या किमतीची 'असायला हवी होती' त्या किमतीशी तुलना करून मिळते. जॉन्सन यांनी तुलनेचा आकडाच काढून टाकला. पेनीचे बरेच कपडे त्यांच्या स्वतःच्या छापाचे, बाहेर कुठेही त्यांची किंमत ताडून पाहता येत नाही. २० डॉलरचा सदरा खरोखर २० चाच आहे यावर गिऱ्हाइकाने विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा? कूपन कापून जपणारी बाई खुळी नव्हती. तिला तो खेळ येत होता, त्यात तिचे कसब होते, आणि ते कसब एका सकाळी निरुपयोगी ठरवले गेले.

याच्या शेजारी आपल्याकडचे उदाहरण ठेवून पाहू. २००२ साली पवईत पहिले दुकान उघडलेल्या डी-मार्टचे धोरण जवळपास जॉन्सन यांच्यासारखेच आहे: मोसमी धमाके कमी, रोजच स्वस्त. ते इथे चालले. का चालले याची कारणे अनेक आहेत. बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या, मालाची उचल वेगाने. पण मानसशास्त्राच्या बाजूने एक कारण मला फार महत्त्वाचे वाटते, आणि ते मी माझे अनुमान म्हणूनच मांडतो. भारतात पाकीटबंद मालावर कमाल किरकोळ किंमत, आपल्या बोलीत एमआरपी, छापावी लागते. १९९० मध्ये ती सर्व करांसहित छापणे बंधनकारक झाले. हेतू असा की दूरच्या गावातल्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला लुबाडू नये. म्हणजे तुलनेचा जो आकडा पेनीला स्वतः फुगवून तयार करावा लागत होता तो इथे प्रत्येक पुड्यावर कायद्यानेच छापलेला असतो. डी-मार्टला फक्त त्याच्याखाली आपला आकडा लिहायचा असतो. रोजच्या स्वस्ताईतही सौद्याचे सुख मिळते.

या नाण्याची दुसरी बाजूही आहे. एमआरपी उत्पादकच ठरवतो. ती वर ठेवली की सवलतीला जागा होते. औषधांच्या, कपड्यांच्या, प्रेशर कुकरच्या खोक्यांवरचे आकडे आणि प्रत्यक्ष व्यवहाराचे आकडे यांतले अंतर आपण सगळे रोज पाहतो. संरक्षणासाठी ठोकलेला खुंटा असा नांगर होऊन बसला. ट्वर्स्की-काहनेमन यांच्या चाकाला इथे सरकारी शिक्का मिळाला, असे म्हणायला हरकत नाही.

गर्दीचे दोन अर्थ

मांडणी बदलली की परिणाम उलटतो, असे वर म्हटले. त्याचे उदाहरण गर्दीचे. पॅको अंडरहिल यांचे 'व्हाय वुई बाय' (१९९९) हे या विषयातले मला आवडणारे पुस्तक, कारण हा माणूस दुकानात तासन्‌तास उभा राहून पाहतो. न्यूयॉर्कच्या ब्लूमिंगडेल्समध्ये दाराजवळच्या टायच्या रॅकपाशी त्यांना दिसले की टाय बघणाऱ्याला मागून जाणाऱ्यांचा एकदोनदा धक्का लागला की तो टाय ठेवून निघून जातो. बोध असा: वाटा रुंद ठेवा.

किशोर बियाणी यांनी २००१ साली बिग बझार सुरू केले तेव्हा आपल्या गिऱ्हाइकाबद्दल वेगळे निरीक्षण केले होते. चकचकीत, मोकळे दुकान म्हणजे महाग दुकान, असे समजून साधा माणूस पायरी चढत नाही. म्हणून त्यांनी दुकानात बाजाराचा गजबजाट राखला. उघड्या पिंपांत धान्य ठेवले, हात घालून पाहता येईल असे. २६ जानेवारी २००६ च्या 'सबसे सस्ता दिन'ला इतकी झुंबड उडाली की पोलिसांना यावे लागले. पुढे कर्जाच्या ओझ्याने ती साखळी कोसळली, तो वेगळा विषय. पण धक्का लागून टाय सोडणारा आणि धक्के खात तांदूळ निवडणारा यांच्या मेंदूत फरक नाही. गर्दीचा अर्थ त्यांना त्यांच्या बाजाराने वेगवेगळा शिकवला आहे.

मालकाची मानसप्रारूपे

या साहित्याची दुसरी शाखा 'मेंटल मॉडेल्स'ची, म्हणजे विचार करण्याच्या तयार चौकटींची. तिचे आद्य पुरुष चार्ली मंगर. माणसाच्या निर्णयचुकांवरचे त्यांचे १९९५ चे हार्वर्डमधले भाषण अजून वाचले जाते. मंगर १९९७ पासून कॉस्टको या साखळीच्या संचालक मंडळावर होते. कॉस्टकोत सुमारे ४००० च वस्तू असतात. साध्या अमेरिकन सुपरमार्केटात याच्या कित्येक पट. या उदाहरणाला पुष्कळ लेखक जॅमची शेपटी लावतात: पाहा, पर्याय कमी तर विक्री जास्त. मला हा अर्थ उथळ वाटतो. पर्याय कमी म्हणजे एकेका वस्तूची प्रचंड घाऊक खरेदी, म्हणजे उत्पादकाशी घासाघीस करण्याची ताकद. त्यावर कॉस्टकोने आपला नफा साधारण १४-१५ टक्क्यांच्या वर न नेण्याचे बंधन स्वतःवर घातले आहे. गिऱ्हाईक तिथे खुळावत नाही. आपल्या वतीने कोणीतरी आधीच घासाघीस केली आहे असे त्याला वाटते, आणि ते बरेचसे खरे असते.

मंगर यांच्याकडून घेण्यासारखे ते हेच आहे. प्रलोभनाच्या क्षणी स्वतःच्या शहाणपणावर ते विसंबत नसत. पडताळणीची यादी करा, स्वतःला आधी बांधून घ्या, असे सांगत. पण भांडवल, वेळ आणि नकार देण्याची मुभा असलेल्या माणसाचे हे शहाणपण आहे. महिन्याच्या पंचवीस तारखेला दुकानात उभ्या असलेल्या बाईला पंचवीस मानसप्रवृत्तींची यादी पाठ करायला सांगणे म्हणजे तिच्यावर आणखी एक ओझे घालणे.

यादी

तिच्यासाठी तोडगा आपल्याकडे होता, आणि तो मनाचा नव्हता. किराण्याची यादी घरी, दिव्याखाली, डबे उघडून केली जाई. निर्णय दुकानाबाहेर होत असे. दुकानात फक्त त्याची अंमलबजावणी. वाण्याच्या फळीआड माल असल्याने हात लावून मोहात पडायची सोयच नव्हती. या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्याच फळीआड काटा मारला जाई, आणि उधारीच्या वहीत अडकलेल्या घराला दुसऱ्या दुकानाची वाट बंद असे. पण निर्णयाची जागा आणि विक्रीची जागा वेगळी ठेवण्याचे तत्त्व त्यात होते.

१९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने हे तत्त्व संघटितपणे वापरले. शेजारच्या काही कुटुंबांचा गट, महिन्याची छापील यादी, घरी बसून भरलेली मागणी, एकत्र खरेदी आणि आपसांत वाटप. इथे ना टेबलावरचे चोवीस जॅम, ना गल्ल्याजवळची चॉकलेटे, ना डमी उमेदवार. सभासदांच्या मेंदूत कोणताही बदल न करता पुस्तकांतले निम्मे 'परिणाम' गैरलागू झाले. या विषयावरच्या गाजलेल्या पुस्तकांत अशा संघटित खरेदीला जागा नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही. त्यांचा नायक नेहमी एकटा असतो.

आज प्रश्न तातडीचा झाला आहे, कारण मांडणी आता फोनच्या पडद्यावर गेली. भिंतीवरचा भाव दहा जणांना एकच दिसत असे. पडद्यावर शेजाऱ्याला काय दिसते ते मला दिसत नाही. 'फक्त दोन शिल्लक' हे खरे की खोटे हे पाहायला रॅकमागे वाकता येत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ 'डार्क पॅटर्न्स'ची यादी करून त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी घाई, टोपलीत गुपचूप सरकवलेली वस्तू, शेवटच्या पायरीवर उगवणारे शुल्क, सोडताच न येणारी वर्गणी. त्यांची अंमलबजावणी कितपत होते हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की या यादीत गिऱ्हाइकाचा एकही मनोदोष नाही. तेराही दोष मांडणीचे आहेत, आणि मांडणी ज्याने केली त्याचे आहेत. पॅकर्डपासून वाट चुकलेला आरोप इतक्या वर्षांनी योग्य पत्त्यावर पोचला.

पाकिटावर ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किती पैसे पडतात हे छापणेही आता नियमात आले आहे. पाच रुपयांचा पुडा पाच रुपयांचाच ठेवून आतले वजन उतरवण्याच्या युक्तीवर याहून साधा उतारा नाही. तो आकडा शोधून पाहा. बहुधा तो शिवणीजवळ, मुंगीएवढ्या अक्षरांत सापडेल. त्याच पाकिटावर 'एकावर एक फुकट' वीतभर अक्षरांत असेल. या दोन अक्षरांच्या उंचीतला फरक कोणी ठरवला, हे विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या मनाचा अभ्यास पुरा झाला असे मला म्हणवत नाही.